हाडाला चिकटलेलं कातडं

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. माझी एक मैत्रीण आहे, तिच्या सासऱ्यांच्या गोठ्यात तीन गाई, तिन्ही नुसते सापळे. जात मोठी, दूध भरपूर, पण खुराक किती? सासऱ्यांच्या बापानं आपल्या लहानखुऱ्या गाईंसाठी पत्र्याच्या डब्यावर खिळ्यानं एक रेघ मारलेली. तेवढीच पेंड, अजूनही. चिमूटभर जास्त नाही!

गुरांचा डॉक्टर आला. थोरल्या गाईच्या बरगडीवरची कातडी चिमटीत धरायला गेला, तर उचलेचना.

"हाइडबाउंड," तो तिला म्हणाला. "हाइड म्हणजे कातडं, बाउंड म्हणजे जखडलेलं. उपाशी गुराचं कातडं असं हाडाला चिकटतं, त्यावरून आला हा शब्द. मग जुनं काही सोडत नाहीत अशा माणसांनाही इंग्रज तेच म्हणायला लागले."

"मग या गोठ्यात तीन नाही, चार आहेत," ती पुटपुटली.

डॉक्टरला हसू फुटलं. "खुराक वाढवा. पण मूठ-मूठ करत हं! एकदम घातलात तर पोट फुगून मरेल."

सासरे ऐकतायत होय! "माझ्या बापानं चाळीस वर्षं गुरं पाळली, सूनबाई. हे कालचं पोर मला शिकवणार?"

ते गोठा सोडून हलायचेच नाहीत. एकदाच कुठेतरी बाहेर गेले, आणि थोरली रिकामं घमेलं चाटत हिच्याकडे बघत बसली. हिचा जीव तुटला गं. पुन्हा अशी संधी कधी मिळणार? शेजारणीकडून अर्धं पोतं मका आणला आणि सगळा ओतला. सगळा!

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली मेलेली. पोट टम्म, पाय ताठ.

सासरे तिच्याजवळ बसले. तिच्या बरगड्यांवरून हात फिरवत राहिले. "उपाशी मारली मी हिला," म्हणाले. "बाकीच्या दोघींना उद्यापासून डॉक्टर सांगेल तसं घाल."

आणि खरंच, त्या दोघी आता मूठ-मूठ खातायत, जरा अंग धरतायत. पण म्हातारा जेवत नाही. खरं सांगितलं तर म्हणणार, बघ, बदललं आणि मेली. परत हट्टाला पेटणार, आणि त्या दोघीही जाणार. काल तिचा हात धरून विचारलं त्यांनी, "सूनबाई, मीच मारली ना गं?"

ती गप्प. अजून गप्पच आहे.

तू काय सांगितलं असतंस?