जोडीचा डोळा

तिने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली, गाठ सोडली आणि काचेच्या काउंटरवर एक डोळा ठेवला.

"याचा फोटो काढून दाखवाल का? ज्या कॅमेऱ्यात रंग खरा येईल तो घ्यायचाय."

शेजारी उभी असलेली नणंद दोन पावलं मागे सरली. "वहिनी, आधी सांगायचं तरी माणसाला!"

दुकानदार मात्र दचकला नाही. पासष्टीचा, जाड चष्म्याचा माणूस. त्याने हात शर्टाला पुसले, डोळा कडेने अलगद उचलून तळहातावर घेतला आणि दाराशी नेऊन उजेडात फिरवून पाहिला. तपकिरी बुबुळ, त्यात मधाच्या रंगाच्या रेघा, पांढऱ्या भागावर केसाहून बारीक तांबड्या शिरा.

"रंगकाम कुणाचं?"

"माझं."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, पुन्हा डोळ्याकडे पाहिलं. डोळा परत ठेवताना त्याने खाली रुमालाची आणखी एक घडी घातली.

डोळ्यांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक खोली होती. तिथे ती अठरा वर्षं कृत्रिम डोळे रंगवत होती. ज्यांचा एक डोळा गेला त्यांना खिडकीशी बसवायचं आणि उरलेल्या डोळ्याकडे बघत दुसरा रंगवायचा. मोठी माणसं तास-दोन तास बसत. मुलं कुठली बसतात! मागच्या महिन्यात चार वर्षांची एक मुलगी आली होती. तिने पाच मिनिटांत सगळी खोली पालथी घातली. शेवटी डोळा अंदाजाने रंगवावा लागला आणि अंदाज एका छटेने चुकला. मुलीच्या आईला ते कळलं नाही. हिला कळलं. त्यानंतर दोन दिवस तिला घास गोड लागला नव्हता. तेव्हाच तिने ठरवलं, स्वतःच्या शिलकीतून का होईना, कॅमेरा घ्यायचा.

"मोबाइलवर नाही जमत?" दुकानदाराने विचारलं.

"मोबाइल भारी लाघवी असतो हो. सगळ्यांनाच गोरं करून टाकतो."

तो मोकळेपणाने हसला.

नणंद महिनाभर व्हिडिओ बघून तयारीने आली होती. "काका, चोवीस मेगापिक्सेलच्या खाली उतरायचं नाही. आणि सेकंडहँड तर मुळीच नको."

"बजेट?"

वहिनीने आकडा सांगितला. तो लहान होता आणि तिने तो लहान आवाजातच सांगितला. दुकानदाराने समोरचा चकचकीत नवा कॅमेरा मुकाट्याने खोक्यात परत ठेवला.

"एवढ्यात हा येतो. याने सहलीचे फोटो छान निघतील. पण याची लेन्स डोळ्याजवळ नेली की सगळं धूसर." त्याने मागच्या कपाटातून एक जुना कॅमेरा काढला. पकडीपाशी त्याचा काळा रंग घासून गेला होता. त्याला त्याने वेगळीच, लांबट लेन्स बसवली. "ही जवळचं बघणारी. पैसे हिच्यात घाला, ताई. बॉडी काय, जुनी चालते. मी स्वतः उघडून साफ केलीय."

नणंदेचा चेहरा पडला. वहिनीने मान डोलावली.

त्याने कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला.

"काका, तुम्ही दुसरा डोळा मिटत नाही?" नणंदेने विचारलं.

"सवय."

वहिनीला ते दाराशीच कळलं होतं. डावीकडचं बघायला तो अख्खी मान वळवत होता, आणि डावा डोळा उजव्याच्या पाठोपाठ, किंचित उशिरा वळत होता. काम चांगलं होतं. जुनं होतं. नणंद आणखी काही विचारणार तेवढ्यात तिने तिला कोपराने ढोसलं.

पहिला फोटो ट्यूबलाइटमुळे पिवळट आला. दुकानदाराने एक करडं कार्ड डोळ्याजवळ धरलं, त्यावरून कॅमेऱ्याला रंग समजावला आणि पुन्हा बटण दाबलं. तिने रुमालातला डोळा उचलून पडद्याशेजारी धरला. एकेक रेघ ताडून पाहिली. मधाचा रंग मधाचाच होता.

"हाच," ती म्हणाली.

"थांबा. आता तुम्ही काढा. मी हात लावणार नाही."

तिचे दोन फोटो हलले.

"श्वास सोडताना दाबा."

"अगंबाई, ब्रश पण तसाच टेकवतो आम्ही!" आणि तिसरा फोटो लख्ख आला. दुकानदार स्वतःचा पहिला फोटो बघावा तसा तो बघत राहिला.

नणंद बॅगा बघायला पलीकडे गेली, तेव्हा वहिनी हळूच म्हणाली, "काका, एकदा या आमच्याकडे, डोळ्यांच्या दवाखान्यात. सकाळच्या उजेडात."

त्याचा हात खोक्यावरच थांबला. "कळलं?"

"माझं कामच ते."

"चौदा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला कळलं नाही."

"केलाय चांगल्या हाताने. पण उजवा पुढे गेला आणि डावा तिथंच राहिला."

तो गुरुवारी आला, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. खिडकीशी बसला आणि सांगण्याआधीच चष्मा काढला. तिने त्याच्या उजव्या डोळ्याचे फोटो काढले आणि मोठे करून त्याला दाखवले. तपकिरी बुबुळाभोवती करड्या-निळसर रंगाचं एक पातळ कडं आलं होतं.

"हे वयाचं," ती म्हणाली. "बरेच जण म्हणतात, नव्या डोळ्यात हे नको. तेवढंच तरुण दिसतं. गाळू?"

त्याने पडदा जवळ ओढला. त्या कड्यावरून बराच वेळ नजर फिरवली.

"इतकी वर्षं सगळं काम याने एकट्याने ओढलं," तो म्हणाला. "आता याच्या शेजारी कुणी पोरसवदा आणून बसवू नका. आहे तसं रंगवा."

तिने करडा रंग ताटलीत काढला आणि त्यात थेंबभर निळा मिसळला.

"मग दोन तास तरी लागतील."

"लागू देत," म्हणत त्याने खुर्ची उजेडाकडे आणखी थोडी सरकवली.