बंदर बंद

लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून अप्पा निवृत्त झाले आणि बंदरावर कामाला लागले. बंदर कॉम्प्युटरमध्ये होतं. एक धक्का, दोन क्रेन, थोड्या बोटी आणि कायम उशिरा येणारं एक मालवाहू जहाज. मुलगा कॉलेजात असताना गेमच्या ऑनलाइन दुकानातून त्याच्यासाठी घेतलेला खेळ. मुलाचं लक्ष उडालं, अप्पांचं बसलं. चहा झाला की ते उठत.

"सूनबाई, बंदरावर जाऊन येतो."

"जपून हो. भरती आहे," सून भांडी विसळत म्हणे.

चिरंजीव आता चाळिशीकडे झुकले होते आणि चळवळीत पडले होते. चळवळ त्या दुकानाविरुद्धच. खेळाची कोणी चोरून नक्कल करू नये म्हणून दुकानाने नवं कुलूप बसवलं होतं. प्रत्येक वेळी खेळ उघडताना दुकानाची परवानगी लागायची.

"खुर्ची विकत आणली आपण," चिरंजीव टेबलावर हात आपटून सांगत, "आणि टेकायच्या आधी दर वेळी दुकानदाराला विचारायचं, बसू का हो?"

मुद्दा बिनतोड होता. म्हणून बहिष्कार ठरला. रविवारी सगळ्या सभासदांनी एकमेकांच्या डोळ्यांदेखत आपापलं खातं कायमचं पुसायचं. खात्याबरोबर त्यातले खेळही जाणार.

अप्पांनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. घरात खातं एकच होतं.

"अरे, पण माझं बंदर?"

"अप्पा, तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्व लिफ्टमध्ये असतं, तर अप्पांनी ते दोन मजल्यांच्या मध्ये अडकवून ठेवलं असतं.

रविवारी पडद्यावर सभासदांचे चेहरे ओळीने उगवले. चिरंजीवांनी 'खातं पुसा' दाबलं. दुकानाने विचारलं, आपण आपणच आहात ना? खातं उघडताना निवडलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या: लहानपणी आपल्याला घरी काय म्हणत?

"अप्पा, खातं तुम्ही उघडलं होतंत. काय लिहिलं होतं?"

त्या नावाने हाक मारणारी आई केव्हाच गेली होती, भाऊही गेले. बायकोला तर लाजेपायी त्यांनी ते कधी सांगितलंच नव्हतं. जगात ते नाव आता एकट्या अप्पांना ठाऊक होतं, आणि त्या क्षणी ते जिभेच्या टोकावर पाय हलवत बसलं होतं.

"आठवत नाही रे."

"स्वतःचं टोपणनाव आठवत नाही?"

"नाही बुवा."

चिरंजीवांनी बाळू, बंडू, छोटू असं सगळं घालून पाहिलं. दुकान बधेना. बाकीच्यांची खाती पुसली गेली, टाळ्या झाल्या, चेहरे मावळले. चिरंजीव मात्र खातं विसरून बापाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. "अप्पा, आज वार कोणता?" "अप्पा, गॅसजवळ नको." "अप्पा, मी कोण?"

"बिनपगारी पहारेकरी," अप्पा म्हणाले. चिरंजीव हसले नाहीत. डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. तिथेही अप्पा टोपणनावाला चिकटून राहिले. आता माघार घेतली तर बंदर बुडालं.

सुनेने ताटात पोळी वाढताना हळूच विचारलं, "नाटक कंपनीत का नाही गेलात हो?"

"लिफ्टमध्ये प्रेक्षक थांबत नाहीत," अप्पा पुटपुटले.

आठवडाभराने एका सकाळी चिरंजीव आंघोळीला गेले. अप्पांनी लगबगीने कॉम्प्युटर लावला. बंदर उघडलं नाही. पडद्यावर आलं: 'आपण आमचे जुने आणि निष्ठावान ग्राहक आहात. अनेक चुकीच्या उत्तरांमुळे कुलूप लागले आहे. लहानपणी आपल्याला घरी काय म्हणत? उत्तर चुकल्यास खाते कायमचे बंद होईल.'

अप्पा गालातल्या गालात हसले. बोटं कळफलकावर ठेवली.

बोटं तशीच राहिली.

जिभेच्या टोकावर कोणी नव्हतं. अप्पांनी डोळे मिटले, उघडले. आठवडाभर 'आठवत नाही' म्हणून ज्या खोलीचं दार ओढून धरलं होतं, ते आता उघडलं, तर आत नुसती भिंत.

सून मागे येऊन उभी राहिली. "टाका की पटकन. तो बाहेर येईल."

"आठवत नाही गं."

ती पदर तोंडाला लावून हसली. "पुरे आता! माझ्यासमोर कशाला?"

"खरंच नाही आठवत."

"काय चेहरा केलाय! अगदी खरा..." सुनेचं हसू मध्येच थांबलं. अप्पा कळफलकावरचं एकेक अक्षर बोटाने चाचपत होते.

ती स्टूल ओढून शेजारी बसली. "घाबरू नका. तुमच्या आई हाक कशी मारायच्या, ते आठवा. लांबून. जेवायला बोलावताना."

अप्पांनी मान वर केली. हाक आठवली. आधी तुटक, मग वर चढणारी, शेवटी लांब सोडून दिलेली. त्यांनी ती गळ्यातून काढली. सूर हुबेहूब आला. अक्षरं आली नाहीत.

"पुन्हा," सून म्हणाली.

त्यांनी पुन्हा काढली, मग आणखी मोठ्याने. कळफलकावर सुराचं बटण नव्हतं. पडद्यावर रिकाम्या चौकटीत रेघ लुकलुकत होती.

न्हाणीघराचं दार उघडलं. ओल्या केसांनी चिरंजीव धावत आले. "अप्पा! कोणाला बोलावताय?"

"मलाच," अप्पा म्हणाले, आणि पुन्हा हाक मारली.