शनिवारचा निरोप

टेक्निकल हायस्कूलच्या इंदिरा मॅडम दर शनिवारी दुपारी पालकांच्या ग्रुपवर आठवड्याचं पत्रक टाकायच्या. कुठल्या वर्गाची वर्कशॉपची पाळी कधी, ॲप्रन कुठं स्वस्त मिळतात, कोणत्या शिष्यवृत्तीचे अर्ज सुटले, कुठल्या कारखान्यात शिकाऊ मुलं घेणार आहेत, असं सगळं त्यात असायचं. ज्या आईबापांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी मॅडम तेच पत्रक सावकाश वाचून रेकॉर्ड करायच्या आणि खाली तो आवाज जोडायच्या.

मनीषा पिंगळे त्या आवाजाची गिऱ्हाईक. मखमलाबादच्या शिवारात तिचं वीस गुंठे गुलाबाचं रान. चौथीत शाळा सुटली होती. बसवरची पाटी वाचता यायची, पण फोनवरची बारीक अक्षरं डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी पळायची. त्यामुळे शनिवारी फुलं खुडून झाली की बांधावर बसून ती मॅडमचा आवाज कानाला लावायची.

दोन वर्षांपूर्वी याच आवाजाने सांगितलं होतं की सिन्नरच्या एमआयडीसीत दहावी झालेली शिकाऊ मुलं घेतायत. मनीषाने तो निरोप तीनदा ऐकला आणि ज्ञानेशला, आपल्या थोरल्या मुलाला, स्वतः हट्टाने तिकडे धाडलं. सातव्या महिन्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. आता तो घरी असायचा. डाव्या हाताने जुड्या बांधायचा, दोरा दातात धरून. घरात कुणी मनीषाला एका शब्दाने बोल लावला नाही. तिचा नवरा भिमाजी तर त्या विषयावर गप्पच झाला. कुणी बोललं असतं तर बरं, असं तिला पुष्कळदा वाटायचं.

यंदा धाकट्या दीपमालाची दहावी झाली. टेक्निकलच्या पेपरात शंभरपैकी त्र्याण्णव. घरातला फवारणीचा पंप बिघडला की गावातल्या मिस्त्रीकडे नेण्याआधी तो तिच्यासमोर यायचा. मे महिन्यात तिने मॅडमच्या सांगण्यावरून पुण्याच्या एका संस्थेची परीक्षा दिली होती. साचे आणि हत्यारं बनवायचा तीन वर्षांचा डिप्लोमा, राहणं-जेवण संस्थेचं, आणि नाशिक जिल्ह्यातल्या टेक्निकलच्या मुलींसाठी एकच जागा. एका जागेला आपलं नाव कशाला लागतंय, असं म्हणून मनीषाने तो विषय डोक्यातून काढून टाकला होता.

जूनच्या शेवटच्या शनिवारी मॅडमच्या आवाजात तेच नाव आलं. दीपमाला भिमाजी पिंगळे, निवड यादीत पहिली. येत्या शुक्रवारी दुपारी बाराच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन, आई किंवा वडिलांसह, संस्थेच्या सातपूरच्या कार्यालयात हजर राहावं. बारानंतर जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला जाईल. मॅडम पुढे अभिनंदन म्हणाल्या आणि हसल्यासुद्धा.

मनीषाला पुणं दिसलं नाही, डिप्लोमा दिसला नाही. दिसली ती प्रेस, आणि ज्ञानेशला भेटायला गेल्यावर दवाखान्यात नर्सने पुढे केलेली त्याची रक्ताळलेली घड्याळाची पट्टी. तिने निरोपावर बोट दाबून धरलं आणि तो पुसून टाकला. दीपमालाकडे स्वतःचा फोन नव्हता, ज्ञानेश त्या ग्रुपमधून केव्हाच बाहेर पडला होता, आणि मैत्रिणी अकरावीच्या धावपळीत पांगल्या होत्या. मंगळवारी मॅडमचा फोन आला, तो मनीषाने वाजू दिला. बुधवारीही वाजू दिला. सहा दिवस ती पोरीच्या नजरेला नजर न देता जेवायला वाढत राहिली. शुक्रवार सरला की सुटलो, एवढंच ती घोकत होती.

शुक्रवारी सव्वाअकरा वाजता इंदिरा मॅडमची स्कूटर थेट बांधापर्यंत आली. सातपूरहून शाळेत फोन आला होता की तुमची मुलगी अजून आलेली नाही. मॅडमचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. त्या मनीषाला काही विचारण्याआधी दीपमालालाच म्हणाल्या, "तू इथं काय करतेस? तुझी निवड झालीय."

दीपमालाच्या हातातली कात्री खाली पडली. पत्रक ऐकलं नाही का, असं मॅडमनी मनीषाला विचारलं. मनीषा म्हणाली, "नाय बाई. आठ दिस झाले, नेटच नाय इकडं."

अजून वेळ होता. लगेच निघालं तर बाराच्या आत सातपूर गाठता आलं असतं. मॅडमनी फक्त कागद घ्यायला सांगितलं. दीपमाला घराकडे धावत सुटली, मागून मनीषा. गुणपत्रिका, दाखला, जातीचं प्रमाणपत्र, सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये होतं आणि ती फाइल मनीषाने रविवारीच आपल्या अंथरुणाच्या घडीत सरकवून ठेवली होती. कपाटात नाही म्हटल्यावर दीपमालाने ट्रंक उपसली. मनीषाही शोधू लागली. म्हणजे शोधल्यासारखं करू लागली. देवळीत बघ, माळ्यावर बघ, बापाने कुठं नेली असंल, असं सांगत राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. बाहेर मॅडम हॉर्न वाजवत होत्या.

मग दीपमालाने तांदळाची कोठी उघडली आणि कोपरापर्यंत हात घालून चाचपू लागली. तांदळात फाइल कशी असेल, हे तिलाही कळत होतं. तरी ती चाचपत होती. तोंडातून आवाज नव्हता, नुसतं पाणी गळत होतं आणि तांदळात पडत होतं. मनीषाने या पोरीला रडताना पाहिल्याला वर्षं झाली होती. ज्ञानेशचा हात गेला तेव्हाही ती रडली नव्हती, त्याच्या उशाशी बसून राहिली होती.

तिला हे एवढं हवं आहे, हे मनीषाला तेव्हा कळलं. तिने अंथरुणाची घडी ओढली, फाइल काढली आणि म्हणाली, "घावली बघ."

बाराला दहा कमी होते.

एका स्कूटरवर तिघी. गंगापूर रोडच्या सिग्नलला गाड्यांची रांग लागली होती. मनीषा मागच्या टोकाला लटकत देवाशी बोलत होती, आणि जे मागत होती ते सहा दिवस मागितलं त्याच्या नेमकं उलट होतं. सातपूरला कार्यालयाच्या फाटकाशी पोहोचल्या तेव्हा साडेबारा होत आले होते. मॅडमनी त्यांना सोडलं. शाळेत दाखल्यांसाठी पालक ताटकळले होते, म्हणून मॅडमना परतावं लागलं. जाताना त्या हात जोडून म्हणाल्या, साहेबांना नीट विनंती करा, मीही फोन करते.

पहिल्या मजल्यावरचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दीपमालाचे गुण पाहिले, हळहळले. पण बाराला त्यांनी प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलीला जागा कळवली होती. ती मुलगी सुरगाण्याकडची; जागा उरलीच तर म्हणून तिलाही आज कागद घेऊन यायला आधीच सांगून ठेवलं होतं. सकाळीच जीपने निघाली आहे, असं तिच्या घरून सांगितलं होतं. तिला चारपर्यंतची मुदत. यादीत दुसरं नाव नाही. ती चारच्या आत आली नाही तर तुमचा कागद घेतो, साहेब म्हणाले. ती आली तर माझ्या हातात काही नाही.

मनीषाने वाकून त्यांचे पाय धरले. दीपमालाने तिला दंडाला धरून उठवलं.

मग दोघी खाली, वर्कशॉपच्या शेडजवळच्या कट्ट्यावर येऊन बसल्या. एक वाजला. दीड वाजला. मनीषाला सुरगाण्याचा रस्ता ठाऊक होता. एका लग्नाला गेली होती तेव्हा घाटात जीप बंद पडून दोन तास खोळंबली होती. आज तशीच पडू दे, असं ती मनात म्हणाली. मग टायर फुटू दे म्हणाली. अडीच वाजता ती त्याहून वाईट काही मागू लागली आणि स्वतःच दचकली. पण थांबली नाही. फाटकातून कुणी बाईमाणूस आत आलं की हातात कागद आहेत का, ते ती आधी बघायची. दीपमाला शेडच्या जाळीतून आतली यंत्रं बघत होती. मधेच एकदा तिने हे लेथ, ते मिलिंग, असं आईला सांगितलं. आपण अजून इथले आहोत, असं समजून सांगितलं.

साडेतीन वाजून गेल्यावर दीपमाला पाणी प्यायला नळाकडे गेली. पाचच मिनिटांनी फाटकातून एक बाई आत आली. लुगडं गुडघ्याखाली आवळून नेसलेलं, धुळीने माखलेलं, आणि मागे दीपमालाच्याच वयाची, काळीसावळी, घाबरलेली मुलगी. मुलीच्या छातीशी कागदांची पिशवी होती. आवारात तीन इमारती, पाट्या सगळ्या इंग्रजीत. बाई इकडेतिकडे बघत नेमकी मनीषाजवळ आली.

"बाई, हापीस कोठं हाय? चार वाजंच्या आत बलवलंय आमाला."

मनीषाने विचारलं, कुठून आलात? बाई म्हणाली, सुरगाण्याच्या पलीकडून. तिचं नाव फुलाबाई. पहाटेची निघालेली, दोन जीपा बदलून, मग एसटीने. पोरीने सकाळपासून काही खाल्लं नाही, हेही तिने सांगून टाकलं, ओळखीच्या माणसाला सांगावं तसं.

घड्याळात पावणेचार होत होते. पंधरा मिनिटं. फक्त पंधरा मिनिटं.

"हापीस बंद झालं," ती म्हणाली. "साहेब गेले. आता सोमवारी या."

फुलाबाई मटकन खाली बसली. तिच्या मुलीने पिशवी आणखी घट्ट धरली. मनीषा समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. आपण काय बोललो ते तिला दुसऱ्याच कुणाच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटत होतं.

मागून दीपमालाचा आवाज आला.

"काकू, ऑफिस उघडंय. वरच्या मजल्यावर. चला, मी दाखवते."

नळावरून ती केव्हा आली, मनीषाला कळलंच नव्हतं. हनुवटीवरचं पाणीही पुसलेलं नव्हतं. तिने आईकडे पाहिलं नाही. फुलाबाईला हाताला धरून उठवलं, मुलीला पुढे घातलं आणि तिघी जिना चढून दिसेनाशा झाल्या.

परत आली ती एकटी. कट्ट्यावर बसली, पण हातभर अंतर ठेवून. फाइल मांडीवर घेऊन तिचा कोपरा नखाने सोलत राहिली. मग एकदम म्हणाली,

"शनिवारचा निरोप आला होता ना, आई?"

मनीषा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"फाइलपण तूच ठेवली होतीस."

मनीषाला ज्ञानेशचं नाव घ्यायचं होतं. प्रेसचं सांगायचं होतं, सहा रात्री डोळ्याला डोळा नाही हे सांगायचं होतं. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "तुझा हात मला सलामत पायजे होता गं."

दीपमालाने आपले दोन्ही हात पालथे करून बघितले, उताणे करून बघितले. नंतर उठून फाटकाकडे चालू लागली.

घरी ज्ञानेशला सगळं कळलं तेव्हा तो ओरडला नाही. हातातली जुडी बाजूला ठेवली आणि आईसमोर येऊन बसला. "माझ्या बोटांसाठी तू हे केलंस, असं कुणाला सांगू नको," तो म्हणाला. "माझी बोटं तिच्या आडवी घालू नको." भिमाजी त्या दिवशी जेवला नाही.

सोमवारी मनीषा एकटी शाळेत गेली. मॅडम साहेबांना पत्र लिहीत होत्या; नेट नसल्याने निरोप पोहोचला नाही, गरीब घरची मुलगी आहे, असं काहीतरी. मनीषाने त्यांना थांबवलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. निरोप, फाइल, फुलाबाई, सगळं. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्या चिडतील, असं मनीषाला वाटलं होतं, आणि तिला ते हवंही होतं.

"ज्ञानेशची जाहिरात मीच वाचून दाखवली होती," मॅडम म्हणाल्या. "त्यानंतर मी स्वतः बघून आल्याशिवाय एकही जागा पत्रकात घातलेली नाही. पुण्याला दोनदा जाऊन आले. शनिवारी मला नुसतं म्हणाला असतात की भीती वाटते, तर तुम्हालाही नेलं असतं."

मनीषाला हे ठाऊक नव्हतं. असं काही विचारता येतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. ती शाळेच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. येणारेजाणारे पालक बाजूने वळसा घालून जात होते.

पुण्याची जागा फुलाबाईच्या मुलीची झाली. दीपमालाचं नाव जुलैअखेरीस नाशिकच्याच आयटीआयला लागलं, दुसऱ्या फेरीत. प्रवेशाच्या दिवशी मनीषा पहाटेच उठली, न्हाली, चांगली साडी नेसून ओट्यावर बसली. दीपमाला बाहेर आली, तिने आईची साडी पाहिली आणि भिमाजीला हाक मारली. पालक म्हणून सही त्याची झाली.

दुपारी बापलेक परतले. मनीषा रानात होती, त्याच साडीत. तिने सरीतूनच विचारलं, कोणत्या कोर्सला लागला गं नंबर?

"फिटर," दीपमाला म्हणाली, आणि हातपाय धुवायला हौदाकडे गेली.