तटलेली कास

सकाळीच शेजारच्या गोठ्यातून बादली आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ म्हातारीचा.

"गाईनं लाथ मारली म्हणजे हात वाईट. पायगुण तर आधीच कळला होता."

सून शेण-मुतात उकिडवी बसलेली, सांडलेलं दूध पदरावर. म्हणाली, "मागचं डावं सड तापलंय, आई. धारेत गाठी येताहेत."

गाईचं नाव निघालं तसा म्हातारीचा मुलगा उठला. तासाभरात जनावरांच्या डॉक्टरला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला.

डॉक्टरनं कास चाचपली. गाय शहारली. "दगडी झालीय," तो म्हणाला. आधी सुई टोचली, मग नळीनं सडात औषध सोडलं आणि सुनेला जवळ बसवून सांगितलं, "कास म्हणजे पखाल नव्हे, की इकडून ओतलं आणि सगळीकडे पसरलं. आत केसासारख्या नळ्या असतात. त्या गाठींनी बुजल्या की औषध दारातच बसून राहतं. सुईतलं रक्तातून जातं, पण सूज घट्ट असेल तिथं रक्त तरी कुठून पोचणार? म्हणून दर दोन तासांनी पिळून काढ. पार रिकामं झालं की मग नळी."

तिनं तसंच केलं. चार दिवस. गाय लाथा झाडायची, ही मांडीवर झेलायची. दुसऱ्या दिवशी मी ताक मागायला गेले, तर एका हातानं पिळत होती आणि दुसरा छातीशी घट्ट धरलेला. अंगावर दीड महिन्याचं लेकरू. तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "मलाही गाईसारखंच झालंय. डावीकडे दगड. लेकरू तोंड लावत नाही."

मी म्हातारीला सांगितलं. ती दाणे पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"बाईच्या जातीला होतंच. मी पाच पाजली, कोणा डॉक्टरला अंग दाखवलं नाही."

मुलगा म्हणाला, "गाईचं एकदा निस्तरू दे, मग बघू."

चौथ्या दिवशी गाईची कास लोण्यासारखी मऊ झाली. डॉक्टरनं धार तळहातावर घेतली, स्वच्छ होती. "हे दूध अजून काही दिवस कुणाला देऊ नका, चारही सडांचं," तो म्हणाला, आणि शाबासकी द्यायला वळला, तर सून गाईच्या पायांतच कलंडलेली.

तो म्हातारीकडे बघून म्हणाला, "माझं शिक्षण जनावरांचं. पण एवढं मलाही कळतं. हिला आत्ताच्या आत्ता न्या."

मी बरोबर गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चोळी उघडली आणि आमच्याकडे बघितलंच नाही. "दोन दिवस आधी गोळ्यांवर भागलं असतं," त्या म्हणाल्या. "आता पू कोंडलाय. त्यात औषध शिरत नाही. चिरावं लागेल."

चिरलं. त्या बाजूचं दूध आटलं ते आटलंच.

आठव्या दिवशी ती घरी आली, तेव्हा गाय हंबरत होती. तिच्या हाताची सवय लागलेली, इतके दिवस दुसऱ्यांना थोडंथोडंच काढू दिलं, आज तर कोणाला पान्हाच सोडीना. कास टम्म फुगलेली. म्हातारीनं उंबऱ्यातच बादली पुढे केली.

"आलीस ना? बस आधी. बिचारी सकाळपासून तटलीय."

सुनेनं बादलीकडे पाहिलं. मग सासूकडे. आवाज चढवला नाही.

"डॉक्टरला बोलवा," ती म्हणाली. "गाईसाठी तो लगेच येतो."

आणि आत जाऊन, भिंतीकडे तोंड करून, उरलेल्या एका बाजूनं लेकराला पाजत बसली.

शेवटी म्हातारीच गाईखाली बसली. दोन धारा निघाल्या न निघाल्या, तोच लाथ बसली, नडगीवर. ती शेणात बसून मला हाका मारत राहिली. मी कुंपणाशीच उभी होते. धुणं वाळत घालायचं होतं, ते घातलं.