चिरैयाडीहचं फाटक

"अण्णा, ही माहिती तुमच्याच सेक्शनची ना? काही गडबड असेल तर आत्ताच सांगा. उद्या समितीसमोर माझं नाक कापलं जायला नको."

विश्वेश्वरने टाइप केलेला कागद पुढे केला. ढुंढिराज शेवड्यांनी तो ओळखला. तो त्यांनीच टाइप केला होता. सोळाव्या ओळीत लिहिलं होतं, 'चिरैयाडीह क्रॉसिंग : फाटक बसवले.' तिथे फाटक नव्हतं. रेल्वे ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं होतं.

विश्वेश्वर त्यांचा साडू, दिल्लीला लोकसभेच्या सचिवालयात अधिकारी. रेल्वेची स्थायी समिती बनारसला पाहणीसाठी आली होती आणि खासदारांबरोबर तोही आला होता. ढुंढिराजांच्या भोसले घाटाजवळच्या दोन खोल्यांत त्याच्यासाठी आज बासुंदी आटली होती. ढुंढिराज हेडक्लार्क झाले त्या दिवशी साधा शिराच झाला होता.

"ही समिती करते तरी काय हो?" ढुंढिराजांच्या बायकोने, कालिंदीने कौतुकाने विचारलं.

"ताई, मंत्री बदलतात, समिती कायम असते. रेल्वेने कबूल केलेलं काम केलं की नाही, ते ती विचारते. अहवाल सभागृहात जातो. मग मंत्रालयाला उत्तर द्यावंच लागतं."

"सीतानं नशीब काढलं," कालिंदी आपल्या धाकट्या बहिणीबद्दल म्हणाली.

ढुंढिराजांनी कागद परत दिला. "सगळं ठीक आहे."

कोणीतरी खासदार चूक पकडेल, याचा चेहरा उतरेल, आणि आपण मागच्या रांगेतून तो बघू. या विचाराने त्यांना बासुंदी गोड लागली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तसं काहीच झालं नाही. अध्यक्षांनी सोळावी ओळ वाचली. "फाटक बन गया?"

"जी सर," साहेब म्हणाले.

"बहुत अच्छा. नोट भी साफ़ बनाया है," अध्यक्ष विश्वेश्वरकडे बघून म्हणाले. "आगे चलिए."

मागच्या रांगेतल्या ढुंढिराजांनी नजर फिरवली. स्तुतीसुद्धा यालाच! आणि लगेच त्यांना कार्तिकातली तार आठवली. चिरैयाडीहला टेम्पो गाडीखाली आला होता. तिघं गेली होती, त्यांत एक बाळंतीण. तारेचा मजकूरही त्यांनीच टाइप केला होता. आता समितीच्या कागदावर तिथे फाटक उभं राहिलं होतं. यापुढे कोणी विचारणारही नव्हतं.

ते उठले.

"साहब, वहाँ फाटक नहीं है."

साहेबांनी वळून पाहिलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. तेवढ्यात विश्वेश्वर उभा राहिला. "सर, पडताळणी माझ्याकडे होती. चूक माझी," तो हिंदीत म्हणाला. त्याने ढुंढिराजांकडे बघितलंही नाही.

दुपारी जीप निघाल्या. समिती चिरैयाडीहच्या उघड्या रुळांवर उभी राहिली, गावकऱ्यांशी बोलली. विश्वेश्वर उन्हात टिपणं घेत होता. चूक कबूल करूनसुद्धा हाच मोठा ठरला, हे ढुंढिराजांना सोसेना.

पंधरा दिवसांनी त्यांची बदली आवक-जावकच्या टेबलावर झाली. समितीच्या अहवालात मात्र शिफारस आली: फाटक तातडीने बसवावं, तीन महिन्यांत उत्तर द्यावं. प्रस्तावनेखाली सचिवालयाच्या अधिकाऱ्यांत विश्वेश्वरचं नाव छापलं होतं. घरी आलेल्या प्रतीसोबत त्याची चिठ्ठी होती. 'अण्णा, तुमचं नाव घालायचा नियम नाही. अध्यक्षांनी मात्र दोनदा विचारलं, ते गृहस्थ कोण. त्या दिवशी घरीच सांगितलं असतंत तर!'

"काय लिहिलंय विश्वेश्वररावांनी?" कालिंदीने विचारलं.

"काही नाही. खुशाली." त्यांनी चिठ्ठी बारीक फाडली.

पुढच्या वर्षी एका लग्नाला जाताना पॅसेंजर चिरैयाडीहवरून गेली. लाल-पांढऱ्या दांड्यापलीकडे दोन सायकली, एक बैलगाडी, कडेवर मूल घेतलेली एक बाई थांबली होती. मूल गाडीकडे बघून हात हलवत होतं. ढुंढिराजांनी हात वर केला. तोवर डबा पुढे निघून गेला होता.

"कोणी ओळखीचं होतं का?" कालिंदीने विचारलं.

"नाही," ते म्हणाले, आणि खिडकीच्या गजांवर हात तसाच ठेवून बसले.