रेघेबाहेरचा सोफा

लोकांना वाटतं मला कबड्डीचा राग हाय. साफ खोटं. मला सोफ्याचा राग हाय.

तांबड्या मखमलीचा, सोनेरी काठाचा, खाली जाड लाकडाची चौकट असलेला सोफा. आमच्या गावच्या यात्रेत कबड्डीच्या मैदानाला लागून असे सोफे मांडत्यात. पावण्याला मान द्यायचा म्हणजे पुढं बसवायचं, आणि जेवढा माणूस मोठा तेवढा सोफा पुढं. किती पुढं? तर पार रेघेला टेकवून. मागच्या यात्रेला माझा ऋषी चढाईला गेला, समोरच्या तिघांनी धरून त्याला बाहेर ढकलला, आणि बाहेर मोकळी जागा न्हवतीच, सोफा व्हता. पोराचा गुडघा चौकटीवर आपटला आणि त्याचा चुरा झाला.

दोन ऑपरेशनं झाली. आता तो मंचरला मोबाईलच्या दुकानात बसतो, गिऱ्हाइकाशी हसून बोलतो आणि जिना चढताना कठडा धरतो. असं धडधाकट पोरगं, शर्यतीच्या घाटात बैलांच्या पुढं पळायचं. बघवत न्हाई मला.

आणि गावानं काय म्हणावं? आधी म्हणालं, नजर लागली. मग कुणीतरी शोध लावला की मैदानाचा नारळ कुजका निघाला व्हता. झालं, पटलं सगळ्यांना. यंदा कमिटीनं एकाच्या जागी पाच नारळ फोडायचं ठरवलं, आणि मैदानाच्या चारी कोपऱ्यांना लिंबू-मिरची. सोफ्याचं नाव एकानंबी काढलं न्हाई. उलट पावणे जास्त येणार म्हणून दोन सोफे वाढवले.

यंदा पोरींची फायनल आमच्या गावात व्हती, आणि आमच्या टीमची सगळी भिस्त माझ्या प्राचीवर. ती अवसरीच्या कॉलेजात शिकती, आणि तिथनं आली की दप्तर टाकून मैदानावर पळती. जिल्ह्याच्या टीमसाठी पोरी निवडायला एक सर फायनल बघायला येणार व्हते. त्या एका दिवसाची ती वर्सभर वाट बघत व्हती. घरातले मला म्हणायचे, एकाचं झालं तेवढं पुरे, पोरीला बसव घरात. सासूबाईंचा तर रोजचा जप. मी म्हटलं, पोरगी खेळंल. खेळाची चूक असती तर मीच बसवली असती. हलवायचा तो सोफा हाय, पोरगी न्हाई.

म्हणून मी कमिटीच्या मीटिंगला गेले. बायका तिकडं फिरकत न्हाईत, पण गेले. सेक्रेटरी सुभाष, तोंडानं लई गोड. त्याला म्हटलं, रेघेच्या बाहेर चारी अंगांनी चार पावलं मोकळी सोडा. तो म्हणाला, वहिनी, सोफे मागं घेतले तर स्टेजला चिकटत्यात, स्टेजवरच्यांच्या पायाशी पावणे बसल्यासारखं दिसंल. मी म्हटलं, मग स्टेजच्या बाजूला मांडा. तर म्हणतो, बाजूला बसवायला ते काय वाजंत्री हायत का? सगळे हसले. मीबी हसले, घरी आले आणि कणीक अशी तिंबली की सासूबाई म्हणाल्या, अगं चपात्या करायच्यात का कुणाचा जीव घ्यायचाय?

फायनलच्या दिवशी ऊन कलल्यावर मी मैदानावर गेले. सोफे जिथल्या तिथं. रेघ आणि सोफ्याच्या मधी मी पाऊल आडवं ठेवून बघितलं, मावलं न्हाई. आणि मधल्या सोफ्यावर, फेटा बांधून, आमचे दादा बसले व्हते.

दादा म्हणजे सयाजीराव, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. गावात त्यांच्या शब्दाला वजन. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं न्हाई. कायदा कुठला न्हाई, पण रीत हाय. लग्न होऊन आले तेव्हापास्नं पाळलीय. दादा समोर बसलेले असले तरी मी प्राचीला सांगायची, दादांना विचार, चहा घेणार का. आणि दादा प्राचीला सांगायचे, आईला म्हणावं, साखर कमी टाक. तिघंबी एकाच खोलीत. पोरगी बिचारी एकदा इकडं बघायची, एकदा तिकडं.

मी आधी प्राचीकडं गेले. ती गुडघ्याला पट्टी बांधत व्हती. माझं तोंड बघूनच तिला कळलं. म्हणाली, आई, आज न्हाई हां, सर आलेत, तू काय बोललीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार न्हाई. मी म्हटलं बरं, आणि तिथनं तडक समोरच्या टीमकडं गेले.

ती टीम भीमाशंकरच्या अंगाच्या डोंगरातली. त्यांना शिकवणारे बहिरू भाऊ, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांना म्हटलं, भाऊ, ते सोफे बघा, तुमच्याबी लेकी हायत. ते म्हणाले, आमी भात काढल्यावर खाचरात खेळतो, आमच्या पोरी बांधाशी आपोआप थांबत्यात. मी म्हटलं, आपल्या पायानं जाणारी थांबंल, तिघींनी उचलून टाकलेली कशी थांबंल? तेव्हा ते उठले, सोफ्याजवळ गेले, मखमलीखाली हात घालून लाकडावर बोटं वाजवली. परत आले आणि पोरींना म्हणाले, बसा खाली.

मला म्हणाले, "सोफा हालल्याबिगर माझ्या पोरी आत जाणार न्हाईत. पण आमी पावणं. गाव तुमचं हाय, बोलायचं तुमी."

माईकवरनं पुकारा झाला, खेळाडूंनी मैदानात यावं. आमच्या पोरी आत जाऊन उभ्या राहिल्या. समोरची बाजू मोकळी. परत पुकारा झाला. गर्दीत कुजबूज सुरू झाली. सुभाष घामाघूम होऊन बहिरू भाऊंकडं पळाला, तिथनं माझ्याकडं आला, आणि हात जोडून म्हणाला की वहिनी, सामना रद्द झाला तर गावाची अब्रू जाईल. मी म्हटलं, माझ्या पोराचा पाय गेला तेव्हा अब्रू कुठं व्हती गावाची?  बाकीच्या पावण्यांना तो उठ म्हणू शकत न्हवता, कारण दादा बसले व्हते. आणि दादांना कुणीच उठ म्हणू शकत न्हवतं.

 पदर नीट केला आणि सरळ दादांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"दादा, उठा," मी म्हटलं. "सोफा मागं घ्यायचाय."

 दादांनी आजूबाजूला बघितलं. मला कळलं ते काय शोधत व्हते. ज्याच्या तोंडून मला उत्तर द्यायचं असं मधलं माणूस शोधत व्हते, आणि मधी कुणी न्हवतं. शेवटी त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"ऋषीला माझ्या गाडीत घालून मी नेला," ते म्हणाले. "ऑपरेशनच्या दारात मी बसलो. आणि आता चार लोकांत माझ्यावरच बालंट?"

"तुमी नेला दादा. बापासारखं बघितलं त्याला. मी मरेस्तोवर विसरणार न्हाई." मला चिडून बोलायचं व्हतं, पण डोळ्यांना धारा लागल्या. लागू दे म्हटलं. "पण गुडघा फुटला तो नजरेनं न्हाई आणि नारळानंबी न्हाई. ह्या सोफ्यावर फुटला. तुमी ह्याच्यावर बसला व्हता. आज माझी पोरगी आत हाय. तुमी उठला न्हाईत तर मी तिचा हात धरून घरी नेईन. निवड गेली तर गेली."

मागनं प्राचीची हाक आली. मी वळून बघितलं न्हाई. बघितलं असतं तर ढिली पडले असते.

दादा मान खाली घालून बसले. मला वाटलं आता उठून घरी जातील, आणि त्या दिवसापास्नं दोन चुली, दोन दारं. मग ते बोलले, इतकं हळू की मला एकटीलाच ऐकू गेलं.

"आवाज मला आला व्हता," ते म्हणाले. "बुडाखाली हादरा बसला व्हता. कुणाला बोललो न्हाई."

ते उठले. फेटा काढून बगलेत धरला आणि सोफ्याचा हात धरून स्वतःच उचलायला लागले. सोफा कसला हालतोय. सुभाष पळत आला, दादा राहू द्या, पोरं उचलत्याल म्हणायला लागला. दादा म्हणाले, "धर तिकडनं."

मग काय. ते उठले तशी सगळी रांग उठली. तोंडं वाकडी झाली, एक पावणा तर तडक गाडीत बसून कळंबच्या दिशेनं निघून गेला. जाऊ दे. स्टेजच्या बाजूला, वाजंत्र्यांच्या शेजारी, सोफे गेले. बहिरू भाऊंनी मोकळ्या जागेत स्वतः चालून बघितलं, एक खडा उचलून लांब टाकला आणि पोरींना आत जा म्हणून मान हालवली. पाच नारळबी फुटले. फुटू देत, माझं नारळाशी भांडण न्हाई.

सामना असा रंगला की सोफ्यावर कुणी बसलंच न्हाई. शेवटाला दोन्हीकडं गुण सारखे, आणि शेवटची चढाई प्राचीची. ती आत घुसली, एकीला शिवून वळली, तेवढ्यात दुसरीनं घोटा धरला आणि दोघींनी कमरेला मिठी घातली. नेमकं सोफे व्हते त्याच अंगाला. तिघींनी मिळून तिला अशी भिरकावली की ती रेघेच्या बाहेर हवेतच गेली. मी डोळे मिटले. कान तेवढे उघडे राहिले. लाकडाच्या आवाजाची वाट बघत मी उभी व्हते.

आवाज आला तो मातीत घसरल्याचा. डोळे उघडले तर धुरळ्यातनं प्राची उठत व्हती, आणि पंचाशी तावातावानं भांडत व्हती की मी आधीच परतून मधल्या रेघेला शिवले व्हते. पंचानं हात वर केला. बाद. आमी एका गुणानं हारलो.

सरांनी डोंगरातल्या दोन पोरींची नावं घेतली. प्राचीचं घेतलं न्हाई.

घरी जाताना ती माझ्यावर तुटून पडली. तुझ्यामुळं माझं ध्यान उडालं, सरांपुढं तमाशा केलास, माझं वर्स वाया घालवलंस. हुंदके देत बोलत व्हती, पोरीचं नाक लाल झालं व्हतं.  तिचं खरंबी असंल, मला काय ठाव. मी एवढंच म्हटलं की रड, शिव्या दे, पुढच्या यात्रेला परत खेळ. फायनल बघायला आलेला ऋषी आमच्या मागनं भिंतीचा आधार घेत सावकाश येत व्हता. ती काय थांबली न्हाई. रस्ताभर दाणदाण पाय आपटत पुढं चालली व्हती. दोन्ही पाय.