चौदावी जागा

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी वैतागलेलो आहे. म्हातारपणामुळे नव्हे, लाकडाला म्हातारपण शोभतं. मी वैतागलोय तो एकच गोष्ट वर्षानुवर्षं अशा माणसांना सांगून, ज्यांना ती ऐकूच येत नाही. तुम्ही लहान आहात. तुम्हाला येईल कदाचित.

मी बेसबॉलच्या मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली असतो. शाळेत शिक्षा म्हणून बाकावर उभं करतात, आमच्याकडे शिक्षा म्हणून बाकावर बसवतात. निदान आमच्या मास्तरांची समजूत तशी होती. मास्तर म्हणजे संघाचे प्रशिक्षक. शाळेत तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी "चहा द्या" म्हटलं तरी समोरचा आधी सावधान उभा राहतो.

माझा जन्म एका पाडलेल्या गोदामाच्या तुळईतून झाला. मला घडवणारा सुतार मास्तरांचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याने मोजपट्टी खिशातून काढलीसुद्धा नाही. सगळ्या संघाला तुळईवर ओळीने बसवलं, शेवटच्या माणसाच्या पलीकडे पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाला, "झालं माप." चौदा जागा भरल्या. मग तापल्या सळईने त्याने प्रत्येक जागेपुढे आकडा डागला. एक ते चौदा. चटके बसले, पण आपल्याला अंगावर आकडे आहेत याचा मला उगाचच अभिमान वाटला.

मास्तर आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"खेळतात नऊ. चौदा जागा कशाला?"

"दाजी, घरात माणसं चार म्हणून तुम्ही ताटं चारच ठेवता का?"

"ते घर आहे. हा संघ आहे."

"हो का? मला वाटलं, दोन्हीकडे तुम्हीच ओरडता."

मित्रांनो, हा खेळ तुम्हाला ठाऊक नसेल तर एवढंच लक्षात ठेवा. मैदानात नऊ जण असतात. एकाला बाहेर काढून दुसऱ्याला आत पाठवलं, की पहिला त्या दिवशी परत आत येऊ शकत नाही. त्यामुळे कोणाला कधी उठवायचं, यातच अर्धा सामना असतो. आणि उठवायला आधी कोणीतरी बसलेलं असावं लागतं. ही एवढी साधी गोष्ट. माझ्यासारख्या लाकडाला कळली.

सुरुवातीची वर्षं छान गेली. माझ्या दहाव्या जागेवर घड्याळजी बसायचा. दिवसभर भिंगातून बारीक चाकं बघणारा माणूस. समोरचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, वाकडा चेंडू टाकण्याआधी जीभ दाताखाली धरतो, हे त्याने दुसऱ्याच डावात ओळखलं होतं. अकराव्या जागेवर टपालवाला. शहरातल्या यच्चावत कुत्र्यांनी त्याला पळण्याचा सराव दिलेला. आठव्या-नवव्या डावात एखादा दमलेला गडी बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोचला, की मास्तर त्याच्या जागी टपालवाल्याला पाठवायचे, आणि तो असा सुटायचा की धूळ मागून यायची. बारा आणि तेरावर दोघे भाऊ होते, एक डावखुरा, एक उजवा. ते एकमेकांशी बोलत नसत, पण कामाला येत. चौदाव्या जागेवर पाववाला.

पाववाल्याबद्दल थोडं जास्त सांगतो. पहाटे भट्टी उरकून तो दुपारी मैदानावर यायचा, तेव्हा त्याच्या भुवयांवर पीठ असायचं. तो दुसऱ्या फळीचा कॅचर. कॅचर म्हणजे बॅट मारणाऱ्याच्या मागे उकिडवा बसून पिचरचे चेंडू झेलणारा. संघातलं सगळ्यात अंग मोडणारं काम हेच. पहिला कॅचर होता मास्तरांचा थोरला मुलगा. धंद्याने शिंपी, हात असा सफाईदार, की कोटाचं कापड कापताना कात्री थांबत नसे. दर तिसऱ्या सामन्याला पाववाला उठायचा, थोरला बसायचा आणि माझ्यावर हात पसरून बोटं शेकायचा.

अशाने आम्ही तीन कप जिंकलो.

आणि इथेच घात झाला. हरलेल्या माणसाला निदान शंका येते.

फोटो काढायला माणूस आला तेव्हा मास्तरांनी खेळणाऱ्या नऊ जणांना माझ्यावर ऐसपैस बसवलं आणि बाकीच्या पाच जणांना पिशव्या धरून फोटोबाहेर उभं केलं. लोकांनी बॅटचं कौतुक केलं, कपचं केलं, मैदानातल्या गवताचंसुद्धा केलं. मला कोणी विचारलं नाही. मी अपेक्षाही केली नव्हती, पण पाववाल्याने पिशवी धरताना मान खाली घातली, ते मला अजून आठवतं.

पुढे कप ठेवायला फळी हवी, असं निघालं. मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"नवव्या जागेनंतर काप."

सुतार म्हणाला, "दाजी, दुसरं लाकूड आणतो मी. एक तास द्या."

"दुसरं कशाला? हे रिकामंच असतं."

"रिकामं कुठे आहे? पाच माणसं बसलीत त्यावर!"

"तेच म्हणतोय मी."

करवत चालली. दहा ते चौदा हे आकडे पालथे होऊन भिंतीवर गेले, आणि त्यांच्या पाठीवर तीन कप बसले. कप काही करत नाहीत, मित्रांनो. ते नुसते बसतात. पण त्यांना कोणी राखीव म्हणत नाही.

त्याच आठवड्यात घड्याळजी दुसऱ्या संघात गेला. टपालवाल्याने जाताना सांगितलं, की कुत्री निदान वाट तरी बघतात. भाऊ एकाच दिवशी, वेगवेगळ्या कारणांनी गेले. पाववाला गेला नाही. चेंडूंची बादली पालथी घालून माझ्या कापलेल्या टोकाशी बसू लागला. त्याला विचारलं असतं का राहिलास, तर म्हणाला असता, "थोरल्याचा हात कोण बघणार?" कारण तो तेवढंच बघत असे.

आता थोरल्याला विश्रांती नव्हती. एक सामना झाला, दहा झाले, वीस झाले. त्याच्या उजव्या अंगठ्यावर चेंडू लागत राहिला. अंगठा सुजला, मग निळा झाला, मग त्याला सवयच झाली, असं मास्तर म्हणाले.

पाववाला एकदा धीर करून बोलला. "मास्तर, आज मी जातो. त्याला कात्री धरवत नाही. काल माझ्या पोरीच्या फ्रॉकची बाही वाकडी कापली त्याने. त्याने! वाकडी!"

"माझा पोरगा लोखंडाचा आहे."

"लोखंडालाही तेल लागतं."

"तू तुझी भट्टी बघ."

मी करकरलो. त्यांना वाटलं, खिळा सैल झाला. त्यांनी बुटाने ठोकला.

अठ्ठाविसावा सामना शेवटचा होता. जिंकलो तर वरच्या गटात राहणार, हरलो तर खालच्या. आमच्या स्पर्धेत सामन्याआधी पंचांना खेळाडूंची यादी द्यावी लागते. जे नाव यादीत नाही, ते मैदानात नाही. मास्तरांची यादी लिहायची पद्धत पहिल्यापासून ठरलेली. कागद गुडघ्यावर घ्यायचा आणि माझ्यावरचे आकडे बघत एकेका जागेवरच्या माणसाचं नाव लिहीत जायचं. पूर्वी चौदा आकडे, चौदा नावं. त्या हंगामात कोणीच दुखापत होऊन बाहेर गेलं नव्हतं, त्यामुळे नऊ नावांवर भागत होतं. त्या दिवशीही नववा आकडा संपला, तशी मास्तरांनी खाली सही ठोकली. बादलीवर आकडा नव्हता.

आठव्या डावात आम्ही दोन धावांनी पुढे होतो. चेंडू बॅटची कड घेऊन मागे आला आणि थोरल्याच्या त्याच अंगठ्यावर बसला. आवाज मला छपराखाली ऐकू आला. लाकूड मोडल्याचा आवाज मी ओळखतो. हा तसाच होता.

पाववाला तोवर पायांना पॅड बांधून उभा होता. तो पूर्ण हंगामभर प्रत्येक सामन्याला पॅड बांधूनच बसला होता, हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं.

पंचांनी यादी उघडली. "याचं नाव नाही."

"अहो, हा अकरा वर्षं आमच्याकडे आहे!" मास्तर म्हणाले.

"असेल. कागदावर नाही."

"मग हा इथे रोज काय करतो?"

"ते मला विचारता?"

मास्तरांनी कागद घेतला, माझ्याकडे पाहिलं, नववा आकडा पाहिला, आणि त्याच्यापुढची कापलेली कड पाहिली. एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्याकडे असा पहिल्यांदाच बघत होता.

आठ जणांनी खेळता येत नाही. सामना तिथेच समोरच्यांना जातो. थोरला हात छातीशी धरून म्हणाला, "बाबा, दुसऱ्या कोणाला कॅचर करा. मी लांब टोकाला उभा राहतो. नुसता उभा. नऊ भरतील."

पंच म्हणाले, "उभा राहिला तर माझी हरकत नाही."

मास्तरांनी मुलाचा हात हातात घेतला. अंगठा जिकडे जायला नको तिकडे गेला होता. कपासाठी मला कापणारा हा माणूस. मी मनात म्हटलं, पाठवणार आता. लाकूडही चुकतं.

"बस," मास्तर म्हणाले.

"बाबा, दोन धावांनी पुढे आहोत आपण."

"बस म्हटलं ना."

थोरला बसला. आम्ही हरलो. मित्रांनो, हाच एक शब्द मास्तर अठ्ठावीस सामन्यांत कधीतरी बोलले असते, तर एवढ्या कथेची गरजच नव्हती. पण माणसं अशीच. तहान लागली की यांना विहीर आठवते, आणि मग विहिरीलाच विचारतात, इतके दिवस कुठे होतीस?

चार दिवसांनी मास्तरांनी स्वतः कप उतरवून जमिनीवर ठेवले आणि फळी खांद्यावरून आणली. सुतार आला. काहीतरी खोचक बोलेल म्हणून मी सरसावून बसलो. तो फक्त म्हणाला, "सांधा दिसेल, दाजी."

"दिसू दे."

लोखंडी पट्ट्या ठोकून त्याने मला जोडलं. पावसाळी हवेत सांधा ठणकतो. टपालवाला परत आला, भाऊ आले, अजून बोलत नाहीत. घड्याळजी आला नाही; सगळंच परत येत नसतं. थोरल्याचा अंगठा ताठ राहिला. तो आता डाव्या हाताने कापायला शिकतोय, आणि पहिला कॅचर पाववाला आहे. थोरला चौदाव्या जागेवर बसतो.

आणि मास्तर? परवा खालच्या गटाच्या सभेत म्हणाले, "संघाची ताकद बाकावर असते, हे मी पहिल्यापासून सांगतोय." सुतार इतका खोकला, की त्याला पाणी द्यावं लागलं.

पण एक सांगायला हवं. यंदाच्या पहिल्या सामन्यात, नवव्या डावात, बरोबरी असताना टपालवाला आधीच वापरून झाला होता आणि बेसवर आमचा जाडा पिचर धापा टाकत उभा होता. मास्तरांची नजर माझ्यावरून सरकत आली. नऊ, सांधा, दहा, अकरा, बारा, तेरा. शेवटच्या आकड्यापाशी थांबली.

"उठ."

"मी? बाबा, माझा अंगठा..."

"पळायला अंगठा लागतो का?"

थोरला उठला. मित्रांनो, तुमच्या वर्गात, घरात, गल्लीत कोणी टोकाला बसलेलं असेल, तर त्याचं नाव आधी कागदावर लिहा. आणि कुठल्याही बाकाला कापण्याआधी, त्यावर कोण बसलंय ते निदान बघा. मला मात्र त्या क्षणी कोणाला काही शिकवायचं सुचलं नाही. चौदावी जागा रिकामी झाली होती, अजून गरम होती, आणि सगळे उभे राहून ओरडत होते. माझ्यावर कोणीच बसलेलं नव्हतं.

बाकाला आणखी काय हवं असतं?